ढग आले की तार काढा

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कॉम्प्युटरच्या दिवसांतल्या गमती लिहा. दिवाळीत लोकांना हसू येईल असं काहीतरी." गमती पुष्कळ आहेत आणि त्या मी लिहिणारच आहे. पण लगेच हो म्हणालो त्याचं कारण वेगळं होतं. आरमोरीच्या शालिनी मेश्राम बाईंशी मी जसा वागलो ते संस्थेच्या कुठल्याच कागदावर नाही. माझं वय आता पंचाहत्तर. कागदावर नाही ते माझ्याबरोबर जाणार, आणि तसं होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. मात्र आधी काम काय होतं ते सांगावं लागेल, नाहीतर माझी चूक कुणाला समजायची नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आमच्या शिक्षणसंस्थेच्या शाळा होत्या. त्यातल्या बारा गावी संस्थेने संगणक केंद्रं उघडली. प्रत्येक केंद्रात वीसच्या आसपास संगणक. मी मूळचा विज्ञान शिक्षक. हौसेने संगणक शिकलो होतो, म्हणून पन्नाशी उलटल्यावर मला वर्गातून उचलून चंद्रपूरच्या मुख्य कार्यालयात बसवलं आणि बाराही केंद्रं माझ्या गळ्यात घातली.

या संगणकांवर आम्ही लिनक्स घातलं होतं. संगणक चालवणारी ही एक मूलभूत प्रणाली. ती कुणा एकाच्या मालकीची नसते, कुणीही ती उघडून पाहावी, दुरुस्त करावी, वाटावी. जगभरातले लोक तिच्यातल्या चुका शोधत असतात आणि रोज काही ना काही दुरुस्त्या काढत असतात. त्या दुरुस्त्या आपल्या संगणकात वेळेवर घालाव्या लागतात. यालाच अपडेट म्हणतात. आता मोबाइलवर ते आपोआप होतं, पण तेव्हा हा शब्दही नवा होता. मी शिक्षकांना एसटीच्या वेळापत्रकाचं उदाहरण द्यायचो. चंद्रपूर आगाराने मूल गावाला जाणाऱ्या गाडीची वेळ बदलली, तर प्रत्येक स्टँडवरच्या फळ्यावर तो आकडा पुसून नवा रंगवावा लागतो. एका स्टँडवर जुनाच आकडा राहिला, तर तिथला माणूस पिशवी घेऊन उभाच. माझ्याकडे असे दोनशेहून जास्त फळे होते, आणि रंगारी मी एकटा.

पहिल्या वर्षी मी दुरुस्त्या सीडीवर भरायचो आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती केंद्रावर पाठवायचो. आरमोरीच्या गाडीवर एक कंडक्टर होता. तो सीडी उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहायचा.

"साहेब, पिक्चर कोणता हाये यात?"

"पिक्चर नाही हो. कॉम्प्युटरची दुरुस्ती आहे."

"दुरुस्ती? मंग तुम्ही काऊन नाई जात? सीडी जाऊन काय पाना फिरवनार हाये?"

हा प्रश्न बरोबर होता. सीडी पोचली तरी तिथल्या माणसाने ती वीस संगणकांत एकामागून एक घालावी लागे, आणि एखादा राहिलाच. मे महिन्यात तर कंडक्टरने सीडी ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवली. चंद्रपूरचा उन्हाळा आणि खाली तापलेलं इंजिन. दुपारी आरमोरीहून फोन आला.

"साहेब, सीडी पोचली. पण तिचा पापड झाला हाये. तळू का?"

त्या मेश्राम बाई. आरमोरीच्या मुलींच्या शाळेतलं केंद्र त्या सांभाळायच्या. वय तिशीच्या आत-बाहेर, संस्थेत कंत्राटावर. वडील भातगिरणीत कामाला होते. मुलगी 'कॉम्प्युटरवाली मॅडम' झाली याचा त्यांना एवढा आनंद, की बाजाराच्या दिवशी ओळखीच्या माणसाला हात धरून केंद्राच्या खिडकीपर्यंत आणायचे आणि आतली मुलगी दाखवून परत न्यायचे.

कंडक्टरच्या त्या प्रश्नावरून मी कामाला लागलो. दुरुस्तीने आपल्या पायाने जावं आणि माणसाने तिला हातही लावू नये, एवढंच मला हवं होतं. सहा महिने खपून मी एक व्यवस्था उभी केली. कार्यालयातल्या एका मोठ्या संगणकावर मी सगळ्या दुरुस्त्या आणि त्यांची यादी ठेवायची. प्रत्येक केंद्रात एक मुख्य संगणक आणि त्याला फोनच्या तारेने जोडलेला मोडेम, म्हणजे फोनवरून संगणकाला संगणकाशी बोलायला लावणारी डबी. सकाळी केंद्र उघडलं की मुख्य संगणक आपणहून चंद्रपूरला फोन लावायचा, यादी मागायचा, आपल्याकडे नाही ते उतरवून घ्यायचा. मग खोलीतले बाकीचे संगणक चालू होताना त्याच्याकडून आपापला वाटा घ्यायचे. केंद्रातल्या माणसाने फक्त बटण दाबायचं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. सगळ्या शाळा प्रार्थना संपली की केंद्र उघडतात. त्यामुळे बारा गावांचे बारा संगणक एकाच मिनिटाला चंद्रपूरला फोन लावू लागले. कार्यालयात फोनची एकच लाइन. ती दिवसभर गुंतलेली, आणि आमचे बाबू रिसीव्हर उचलतील तेव्हा कानात किर्रर्र. "साहेब, तुमची यंत्रं भांडून राह्यली!" असं ओरडत ते माझ्या टेबलाशी आले. मी उपाय काढला तो आजही मला आवडतो. प्रत्येक केंद्राला एक क्रमांक दिला. क्रमांकाला पंधराने गुणायचं, तितकी मिनिटं थांबायचं आणि मगच फोन लावायचा. सिंदेवाहीचा क्रमांक दोन, ते अर्ध्या तासाने. आरमोरीचा पाच, ते सव्वा तासाने. नळावर बाया घागरी रांगेत लावतात तसं. भांडण मिटलं. पुढे कुणी हुशार माणूस ही व्यवस्था पाहायला आला की मी हा गुणाकार त्याला आधी दाखवायचो.

चिमूरचं केंद्र मात्र यादी कधीच मागेना. महिना गेला, दोन गेले. शेवटी मी स्वतः गेलो. तिथले नन्नावरे गुरुजी मोठे प्रेमळ. त्यांनी कुलूप उघडलं. आत वीस संगणक, प्रत्येकावर इस्त्री केलेलं फुलाफुलांचं कापड.

"पाहा साहेब," गुरुजी म्हणाले, "जशी आली तशी ठेवली. एकदाई चालू नाई केली. ओरखडा दाखवा, म्हणाल ते हारतो."

"गुरुजी, मग मुलं काय शिकतात?"

"पुस्तकातून शिकवून राह्यलो ना. चित्र हाये त्यात कॉम्प्युटरचं. चांगलं रंगीत."

त्या वीस संगणकांना त्या दिवशी एकदम वर्षभराच्या दुरुस्त्या खायला घालाव्या लागल्या. गुरुजी संध्याकाळपर्यंत शेजारी उभे होते, माझा हात कुठे कुठे लागतो ते पाहत.

असं करत करत सगळी केंद्रं मार्गी लागली. वर्षभरात बारा गावांचे सगळे संगणक एका चालीने चालायला लागले. मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्या जे करत असतील, ते आम्ही जंगलाच्या जिल्ह्यांत एका फोनच्या लाइनवर करत होतो. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. तो लपवून मी पुढचं लिहिलं तर तेही खोटं होईल, कारण पुढचं सगळं त्या अभिमानातूनच झालं.

आता विजेबद्दल. आमच्याकडे वीज पडते ती झाडावर, माणसावर, गुरांवर आणि फोनच्या तारेवर. तारेतून ती मोडेममध्ये आणि मोडेममधून संगणकात शिरते. पहिल्या जुलैत एकाच आठवड्यात तीन केंद्रांचे मोडेम जळाले. मी परिपत्रक काढलं: जून ते सप्टेंबर या काळात आकाशात ढग व विजा असल्यास केंद्रचालकाने फोनची तार मोडेममधून काढावी व मुख्य स्विच बंद करावा. संस्थेच्या सचिवांची सही घेऊन ते सगळीकडे गेलं. पुढे ऑक्टोबरात एका केंद्राचा मोडेम जळालाच. तिथल्या चालकाने मला परिपत्रक दाखवलं, "साहेब, यात सप्टेंबरपर्यंतच लिहिलं हाये."

पुढच्या मासिक बैठकीत मी बाराही केंद्रचालकांना उभ्यानेच सांगितलं, "कागद विसरा. महिना कोणताही असो. ढग आले की तार काढा." सगळे हसले. त्याचं एक ब्रीदवाक्यच होऊन बसलं. फोन ठेवताना राम राम म्हणावं तसं आम्ही एकमेकांना म्हणायचो, ढग आले की तार काढा. नवं परिपत्रक मात्र काढायचं राहून गेलं. सचिवांची सही घ्यायची, प्रती काढायच्या, त्यापेक्षा तोंडी सांगणं सोपं होतं.

बारा केंद्रचालकांत मेश्राम बाई वेगळ्या होत्या. मी लिहिलेला प्रोग्राम, म्हणजे संगणकाने काय काय करायचं त्याच्या लेखी सूचना, त्या उघडून वाचायच्या. बाकी कुणी वाचत नसे, आणि तशी गरजही नव्हती. फेब्रुवारीच्या बैठकीत जेवणाआधी त्यांनी वहीतला कागद काढला.

"साहेब, एक शंका हाये. फाइल उतरत असताना लाइन तुटली तर अर्धीच फाइल राहते. दुसऱ्या दिवशी आपलं मशीन पाहते, या नावाची फाइल हाये का? हाये. मंग ते पुन्हा नाई आणत. अर्धीच पूर्ण समजून सगळ्यांना वाटून देते. असंच होते ना?"

मी कागद पाहिला. त्यांचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. फोनचा वेळ वाचावा म्हणून आधीच असलेली फाइल पुन्हा आणायची नाही, असं मी ठेवलं होतं. आलेली फाइल पूर्ण आहे की नाही हे मात्र तपासतच नव्हतो. त्यात भर म्हणजे संगणकांच्या डिस्क लहान, म्हणून नवा भाग बसवण्याआधी जुना पुसून टाकायचो. दुरुस्ती होती चार ओळींची. पण तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं. एप्रिलमध्ये बाहेरच्या काही संस्थांची माणसं माझी व्यवस्था पाहायला येणार होती आणि मी त्यांच्यासाठी तक्ते रंगवत होतो.

"बघू," मी म्हणालो. "जेवून घ्या आधी."

मार्चमध्ये आमच्या अभ्यासक्रमाची प्रात्यक्षिक परीक्षा असायची. परीक्षक बाहेरून यायचे. परीक्षेच्या दोन दिवस आधी एक मोठी दुरुस्ती मी सगळ्या केंद्रांसाठी यादीत टाकली. ती उतरवायला फोनवरून एकेका केंद्राला अर्धा तास लागणार होता, त्यामुळे पाळ्या संध्याकाळपर्यंत लांबल्या. अकरा केंद्रांत ती नीट उतरली. आरमोरीत पाळी चालू असतानाच दुपारी आभाळ भरून आलं, विजा सुरू झाल्या, गारा पडल्या. मेश्राम बाईंनी तार काढली, मुख्य स्विच खाली केला आणि मुलींना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोली उघडली आणि मुलींना सरावासाठी बसवलं. मुख्य संगणकाने अर्धी फाइल पूर्ण समजून एकोणीस संगणकांना वाटली. एकोणीसही संगणक जुना भाग पुसून नव्याची वाट पाहत काळी पाटी होऊन बसले. एकही सुरू होईना. बाईंनी रस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन केला. पापड तळू का विचारणारा आवाज तो नव्हता.

"साहेब, अर्धी फाइल वाटली गेली."

एवढंच वाक्य. मला सगळं कळलं.

मी सीडी घेऊन मिळेल त्या गाडीने निघालो. ब्रह्मपुरीला गाडी बदलली, वैनगंगेचा पूल ओलांडून आरमोरीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती, आणि आल्याबरोबर भारनियमनाने वीज गेली. सकाळी वीज आल्यावर आम्ही दोघं लागलो. परीक्षक आले तेव्हा चार संगणक चालू होते आणि बाहेर व्हरांड्यात अठ्ठावीस मुली, काही पार वैरागडकडून सायकलने आलेल्या. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, अर्धा तास थांबले आणि परीक्षा रद्द केली. पुन्हा ते सहा महिन्यांनी येणार होते. मुलींतल्या एकीने खिशातली शाईपेनं काढून कंपासपेटीत परत ठेवली, ते मला आठवतं.

आठवड्याने चंद्रपूरला चौकशी झाली. खोलीत सचिव, मी आणि समोर मेश्राम बाई. त्यांना कायम करण्याचा कागद त्याच टेबलावर, त्याच फायलीत होता. चार वर्षांच्या कामानंतर तो तयार झाला होता, फक्त सही राहिली होती.

"तार तुम्ही काढली?" सचिवांनी विचारलं.

"हो सर. विजा होत्या. गारा पडल्या."

"मार्चमध्ये?"

"हो सर. साहेबांनीच सांगितलं आहे, ढग आले की तार काढा."

सचिवांनी परिपत्रकाची प्रत पुढे ओढली, वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "यात तर जून ते सप्टेंबर लिहिलं आहे. काय हो?"

मी म्हणालो, "हो सर. परिपत्रकात जून ते सप्टेंबर असंच आहे."

या वाक्यात एकही खोटा शब्द नाही. इतकी वर्षं मी त्याच्या आडोशाला बसलो.

बाई सचिवांकडे वळून म्हणाल्या, "सर, पण नुसती तार काढल्यानं मशीन बंद नाही पडत. अर्धी फाइल तपासली जात नाही म्हणून बंद पडलं. मी फेब्रुवारीच्या बैठकीत साहेबांना विचारलं होतं."

"ही काय भानगड आहे?" सचिव मला म्हणाले.

"तांत्रिक बाब आहे सर. ती आम्ही बघून घेऊ."

मासिक बैठकीला बाकीचे अकरा केंद्रचालकही हजर असत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि तेही सगळे कंत्राटावर. अहवाल तज्ज्ञ म्हणून मीच लिहिला: दुरुस्ती उतरत असताना सूचनेबाहेर जाऊन जोडणी तोडल्याने संगणक निकामी झाले. खाली माझी सही. एप्रिलपासून मेश्राम बाईंचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. खोलीतून जाताना त्या फक्त "बरं" म्हणाल्या होत्या.

त्याच आठवड्यात मी ती तपासणी घातली. शाळेची सहल नेताना बसमध्ये चढलेली मुलं मोजतो आणि उतरताना पुन्हा मोजतो, तसंच. प्रत्येक फाइलची एक खूण चंद्रपूरहून यादीत पाठवायची, केंद्राने आलेल्या फाइलची खूण काढून ताडून पाहायची, जुळली तरच जुनं पुसायचं. चार ओळी. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

प्रोग्राममध्ये एका चिन्हाने सुरू होणारी ओळ संगणक वाचत नाही. ती माणसांसाठी असते, पुढे कुणी प्रोग्राम उघडला तर त्याला कळावं म्हणून. त्या चार ओळींच्या डोक्यावर मी तसं चिन्ह टाकून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: ही तपासणी आधीच हवी होती, आरमोरीला जे झालं ते हिच्या अभावी, मेश्राम बाईंचा दोष नाही. आणि तो प्रोग्राम यादीत टाकला. क्रमांक गुणिले पंधरा मिनिटांनी तो एकेका केंद्राच्या मुख्य संगणकात गेला आणि तिथून खोलीतल्या प्रत्येक संगणकात. दोनशेहून जास्त संगणकांनी माझी कबुली बाळगली आणि एकानेही वाचली नाही. मला वाटलं, मी सांगून टाकलं.

त्यानंतर ती व्यवस्था पुन्हा कधी अडली नाही. ढग आले, तारा निघाल्या, लाइन तुटली, उंदरांनी वायर कुरतडली, चिमूरच्या गुरुजींनी कापडं घातलेल्याच संगणकांवर शिकवणं सुरू केलं, पण अर्धी फाइल पुढे गेली नाही. बाहेरची माणसं पाहायला आली, वाखाणून गेली. मी निवृत्त झाल्यावरही ती कित्येक वर्षं हात न लावता चालली. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देताना सचिव म्हणाले, "साहेबांच्या व्यवस्थेमुळे आपली एकही परीक्षा कधी थांबली नाही." टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मागच्या वर्षी मी संस्थेच्या नावाने एक पत्र लिहिलं, तो अहवाल चुकीचा होता असं सांगणारं. टपालात टाकण्याआधी ते बाईंना दाखवावं म्हणून आरमोरीला गेलो. तिथे कळलं, त्या सिंदेवाहीला असतात, स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. परतीच्या वाटेवर उतरलो. दुकानात तीन-चार माणसं बाकावर. बाईंचे केस पांढरे झालेले. एक म्हातारा सातबाऱ्यासाठी घाई करत होता.

"बाई, अजून किती टाइम?"

"अपडेट होऊन राह्यलं, बाबाजी. मधात बंद केलं तर तुमचं वावर अर्धंच निघन." मग त्यांनी मला पाहिलं. "जय भीम, साहेब. बसा."

"जय भीम," मी म्हणालो, आणि बसण्याआधीच पत्र पुढे केलं.

माणसं गेल्यावर त्यांनी ते वाचलं. मी त्यांना प्रोग्राममधल्या त्या ओळीबद्दलही सांगितलं. कुठेतरी वाटत होतं, ते ऐकून त्यांना बरं वाटेल.

"बाराजणांत तो प्रोग्राम उघडून वाचनारी मी एकटीच होती, साहेब," त्या म्हणाल्या. "मी वाचली असती ना ती ओळ. पण मले तर तुम्ही काढलं होतं."

मी हात जोडले.

"माफ केलं असं मी नाई म्हननार. माझं पोट भरलं, दुकान चालते, त्याचं काही नाई. पण बाबा मले खिडकीतून दाखवत लोकायले. नंतर लोक त्यायले विचारत, तुमच्या पोरीनं मशीन बिघडवल्या म्हंतात, खरं काय? मरेपर्यंत त्यायले वाटे, पोरीच्याच हातून काही राहिलं असन."

त्यांनी पत्र पुन्हा उचललं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'तार काढण्यात श्रीमती मेश्राम यांची चूक नव्हती.'

"चूक नोहती, एवढंच काऊन? त्या दिवशी आमच्या मागच्या खांबावर वीज पडली. भिंतीपलीकडच्या पोस्टातला फोन जळून कोळसा झाला. शेजारच्या दोन घरचे टीव्ही गेले. तुम्ही आले तेव्हा आपण मशीन दुरुस्त करत बसलो, कोनी विचारलंच नाई. मी तार काढली नसती तर दुरुस्त कराले मशीनच नोहती राहत. वीसच्या वीस जळाली असती." पेन त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. "ते लिहा."

मी जुनी ओळ खोडली. वरती जागा कमी होती, अक्षर बारीक काढावं लागलं. पत्र संस्थेला गेलं आहे. उत्तर आलेलं नाही, कदाचित येणारही नाही, तेव्हाचं तिथे कुणी उरलेलं नाही. म्हणून जी ओळ त्यांनी वाचून पाहिली आणि ठीक आहे म्हणाल्या, ती इथे छापायला देतो:

आरमोरी केंद्राजवळ वीज पडली त्या दिवशी तेथील वीसही संगणक जळण्यापासून वाचले, कारण श्रीमती शालिनी मेश्राम यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे वेळेवर तार काढली. दुसऱ्या दिवशी त्यांतले एकोणीस बंद पडले ते त्यांनी दाखवून दिलेली चूक मी सुधारली नाही म्हणून.

"आता सही करा," बाई म्हणाल्या. मी केली.